भडगावच्या नाक्यावर मी कुणाचा पाहुणा

पाचोऱ्याहून मोटार सुटली तेव्हा साडेदहा वाजले होते. धुळ्याला चारच्या आत पोचणं भाग होतं. भाचीला पाहायला आलेली मंडळी चारला निघणार होती, आणि विधवा बहिणीच्या घरी बोलणी करायला माझ्याशिवाय वडीलधारं कुणी नव्हतं.

शेजारी एक आबा बसले होते. मांडीवर डबा. "तूप शे," (तूप आहे) असं त्यांनी न विचारताच सांगितलं. तुपाला मोहाच्या दारूचा वास होता. मी खिडकीबाहेर वेचणीला आलेला कापूस पाहत राहिलो. प्रवासात थांबे, वेळा, पाण्याच्या जागा टिपायची मला सवय आहे. गिरणेच्या पुलाचे खांबही मोजून टिपले.

भडगावला दारूबंदीचा नाका होता. शिपायानं आबांना रामराम घातला, घरची खुशाली विचारली आणि तो माझ्याकडे वळला.

"काय लिहिता?"

"पुलाचे खांब."

"कशाला?"

"कशाला असं नाही. सवय आहे." खरं होतं ते सांगितलं आणि तिथंच चुकलं.

"इथे कुणाकडे आलात?"

"कुणाकडेच नाही."

शिपायानं वही काढून घेतली. "खाली उतरा. फौजदारसाहेब संध्याकाळी येतील."

"खांब मोजणं गुन्हा आहे का?"

"गुन्हा नाही. पण असं कुणी करत नाही."

हे मात्र मला मान्य करावं लागलं. मी उतरलो. पुढची मोटार संध्याकाळचीच होती. मी गयावया करू लागलो. मोटार खोळंबलेली पाहून आबांची चुळबूळ वाढली.

"अरे, सोड त्यासले! मना पाव्हना शेतस!" (सोड त्यांना, माझे पाहुणे आहेत!)

"मग आधी सांगायचं ना, आबा!" शिपायानं वही परत दिली. वर मला हात देऊन मोटारीत चढवलं.

वाटेत आबांनी कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा पुढे केला. "पाव्हना शेतस ना? खा मंग!" मी मुकाट्यानं खाल्लं. पारोळ्याला ते डबा सांभाळत उतरून गेले.

धुळ्याला पोचलो तेव्हा पाहुणेमंडळी चपला घालत होती. त्यांना परत बसवलं. लग्न ठरलं.

परतताना त्याच नाक्यावर मी आपणहून पिशवी उघडून धरली. वेगळं वागणाऱ्याला विचारावं, याबद्दल माझी तक्रार नव्हतीच. शिपायानं आत डोकावलंही नाही.

"आबांचे पाव्हणे तुम्ही! तुमची काय झडती घ्यायची?"

पिशवीत बहिणीनं दिलेले लाडू होते. पण ते त्याला कुठे ठाऊक होतं?