शेंदूर फासलेला रेडिएटर

नंदुरबारच्या एका जिनिंग कारखान्यात मी बॉयलरवर होतो. आमच्या शेठजींनी कुणा गोऱ्या साहेबाच्या बंगल्याच्या लिलावातून एक नक्षीदार रेडिएटर उचलून आणला. बिडाच्या पोकळ पट्ट्या, त्यांवर द्राक्षांचे वेल आणि कडेला सिंहाचं तोंड. आत वाफ सोडली की खोली तापते. वर्षातले दहा महिने घाम पुसणाऱ्या गावात असलं धूड आणायला शेठजींचीच अक्कल हवी. त्यांची म्हातारी आई मात्र गुडघ्यांनी खरोखर जेरीस आली होती. पौषातल्या गारठ्यात तिला अंथरुणातून उठवत नसे. तिच्यासाठी कारखान्यालगतच्या खोलीत मी बॉयलरपासून नळी ओढून तो बसवला.

बसवला तो खंडेनवमीच्या तोंडावर. मोसम सुरू झाला नव्हता, बॉयलर थंड होता. पूजेला सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लागलं. सिंह मात्र देवीचं वाहन ठरला, आणि शेठजींनी त्याला तेलात कालवलेला शेंदूर थापला. त्याच्या कानाशी आतली हवा बाहेर सोडायचा स्क्रू होता, तो शेंदराखाली बुजला. मी शेजारी हात जोडून उभा होतो.

थंडी पडली, वाफ सोडली. नळीला हात लावला तर चटका बसे, रेडिएटर मात्र गार दगड. मी वाफेचा कॉक खोलून पाहिला, नळीचा उतार तपासला, साचलेलं पाणी काढलं. आत हवा कोंडून वाफ अडली आहे हे मला केव्हाच कळलं होतं. तरी शेंदूर खरवडण्याचं नाव काढायला जीभ रेटेना.

"नजर लागनी व्हई," दिवाणजी म्हणाले. हा माणूस सरकीचे भाव तोंडपाठ सांगे. त्याने कॉकला लिंबू-मिरची बांधली. शेठजींनी नारळ फोडला आणि पाणी सिंहाच्या डोक्यावर ओतलं. मला दोघांची किळस आली, आणि त्यांच्या हातून खोबरं घेऊन खाणाऱ्या माझीही.

ते गेल्यावर म्हातारी गोधडीतून म्हणाली, "भाऊ, तुले कळस ना काय बिघडनं शे ते?"

"कळतं, आजी. पण शेंदूर काढावा लागेल. देव आहे तो."

"तो देव मन्हा पोऱ्याना. गुडघा मन्हा शेतस. काढ."

मी पटाशी घेतली, आणि खरवडण्याआधी मुकाट्याने नमस्कार केला. म्हातारीने तो पाहिला.

"तूबी तसाच," ती म्हणाली.

स्क्रू सैल केला. कोंडलेली हवा फुसफुसत बराच वेळ निघत राहिली, मग वाफ आली. मी स्क्रू आवळला. पट्ट्या एकेक करून तापत गेल्या. म्हातारीने सरकत येऊन हात शेकले, मग गुडघे.

सकाळी शेठजी आले. रात्रीतून वाफ उतरून बीड सोसवेल इतकंच गरम होतं. गरम बिडाला हात लावून म्हणाले, "नारळ पावना." मग सिंहाचा उघडा कान त्यांना दिसला. त्यांनी शेंदराची वाटी मागवली. स्क्रूबद्दल मी तेव्हाही बोललो नाही. नोकरी होती, आणि खोटं कशाला सांगू, देवाचीही धास्ती होती.

म्हातारीने पाय लांब केले आणि दोन्ही तळवे थेट सिंहाच्या तोंडाला टेकवले.

शेठजी वाटी घेऊन खोळंबले. "माय, पाय काढ. पाप लागी."

"लागू दे," ती डोळे मिटून म्हणाली. "गरम शे."