इत्तोआत्याचं पान

डोंगरातल्या अझरू गावच्या घरात इत्तोआत्याला सगळी पोरं वचकून असत. गृहपाठ संपल्याशिवाय एकाही मुलीला ती स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडू देत नसे. पाठीमागे सगळे तिला हवालदार म्हणत, तिची भाची इल्हामसुद्धा.

इल्हामचे वडील गेल्यावर त्यांनी लिहून ठेवलेल्या घराण्याच्या आठवणी भावंडांनी छापून घेतल्या. इल्हामनं त्या रबात शहरी परतताना बसमध्ये वाचायला घेतल्या आणि इत्तोआत्याच्या पानाशी ती थांबली. दुष्काळात मेंढ्या मेल्या, तेव्हा आजोबांनी आठ वर्षांच्या इत्तोला फेस शहरातल्या एका बड्या घरी कामाला ठेवलं होतं. पालथ्या घातलेल्या पातेल्यावर उभी राहून ती कणीक मळायची, निजायची चुलीपाशी. एकदा भट्टीवर पाव भाजायला पाठवलं, तर पोर परात तिथंच ठेवून पसार झाली. लोकर विकून परतणाऱ्या बायकांच्या मागोमाग डोंगर चढून घरी आली. वडिलांनी लिहिलं होतं, ‘आईच्या मायेनं ओढून आणलं तिला.’

पुढच्या शुक्रवारी इल्हाम अझरूला आली. जेवण आटोपून कुसकुसचं ताट उचलल्यावर तिनं आत्याला विचारलं, तुझं पान वाचून दाखवू का? आत्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती मान खाली घालून ऐकत राहिली, अगदी शेवटापर्यंत.

“तुझा बाप भला माणूस,” ती म्हणाली, “पण हे चुकीचं लिहिलंय. आईसाठी नव्हते आले मी. शाळेत घालू म्हणून त्या फेसवाल्यांनी नेलं होतं मला. त्यांच्या लेकीचं दप्तर शाळेच्या फाटकापर्यंत मी वाहायचे, आणि फाटक लागलं की माघारी. एक दिवस कळलं, आपल्याला आत घेणार नाहीत. मग कशाला राहायचं?”

“मग इथं घातलं शाळेत?”

“कुठलं! बापानं दुसऱ्याच दिवशी परत नेऊन सोडलं. मी पुन्हा पळाले. तेव्हा आईनं मला मावशीकडे दडवलं. शाळा राहिली ती राहिलीच.”

दुसऱ्यांदा पुस्तक छापताना हे घालू, असं इल्हाम म्हणाली. दारात उभ्या हम्मूकाकांना, आत्याच्या धाकट्या भावाला, ते रुचलं नाही. आमच्या मेलेल्या बापाची अब्रू चव्हाट्यावर कशाला मांडता, असं त्यांचं म्हणणं.

आत्यानं त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. “हम्मू, मी गेले म्हणून त्या वर्षी घरात खाणारं एक तोंड कमी झालं. तू तेव्हा पाळण्यात होतास. बापावर माझा राग नाही, त्याची लाचारी मी पाहिलीय. पण पळाले ते का पळाले, हे माझं मी सांगणार. तू बस नाहीतर जा.”

हम्मूकाका बसले.

आत्या तिसऱ्या प्रहरी अस्रच्या अजानेपर्यंत बोलत होती, इल्हाम लिहीत होती. मध्ये कुठं शब्द गोड केलासा वाटला, की आत्या तिला पुन्हा वाचायला लावी आणि खोडायला लावी. फेसच्या मालकिणीनं चटका दिला, तिथं इल्हामनं ‘चुकून’ लिहिलं होतं. तो शब्द आत्यानं काढायला लावला.

नव्या पुस्तकात ते प्रकरण आत्याच्या नावानं छापलं गेलं. ईदला सगळे जमले, तेव्हा हम्मूकाकांनी ते स्वतः मोठ्यानं वाचलं. चटक्याच्या ओळीशी त्यांनी पुस्तक खाली ठेवलं, तशी आत्या म्हणाली, “पाणी पी आणि पुढं वाच. अजून बरंच आहे.”