युवाभाऊचे दोन शब्द

दर पंधरवड्याला युवाभाऊ माझ्या सलूनमध्ये यायचा, भिंतीकडच्या खुर्चीत बसायचा आणि आधी मला पडदा ओढायला लावायचा. पडदा कशाला, ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. त्याला केस काळे करून घ्यायचे असत. "जरा नैसर्गिक दिसू दे हं," असं तो दर वेळी सांगायचा. पन्नाशीला टेकलेल्या माणसाचं नैसर्गिक काय असतं ते मला समोरच्या आरशात दिसत होतंच, पण गिऱ्हाईक होतं, शिवाय शाळेपासूनचा मित्र. मी मान डोलवायचो आणि वाटीत रंग कालवायचो.

पालिकेच्या क्रीडा समितीवर तरुणांसाठी एक जागा राखीव आहे. ती निघाल्या दिवसापासून हाच तिच्यावर बसलेला. समितीच्या खोलीतल्या खुर्च्या बदलल्या, पंखे बदलले, अध्यक्ष तर किती आले नि गेले, तरुण मात्र तोच राहिला. त्याचं खरं नाव त्याच्या वहिनीलासुद्धा चटकन आठवत नसे. चष्मा लागला होता, पण चारचौघांत तो लावायचा नाही. खिशात ठेवायचा. चष्मा लावला की म्हणे माणूस काका दिसतो.

आता मी नुसता टवाळ ठरू नये म्हणून हेही सांगतो, की ही जागा त्याला कुणी फुकट दिलेली नव्हती. आम्ही विशीत होतो तेव्हा पालिकेने सलूनसमोरच्या मैदानावर दुकानांचे गाळे काढायचं ठरवलं होतं. कंत्राटदाराची माणसं यंत्रं घेऊन आली. आम्ही मोजकी पोरं तोंड वासून बघत राहिलो. युवाभाऊ तेव्हा चारशे मीटर पळायचा, त्याला आमच्याकडे तोड नव्हती. तो धावत गेला, मैदानातल्या दगडी रोलरवर चढला आणि बोलायला लागला. काय बोलला ते आज कुणालाच सांगता येणार नाही, त्यालाही नाही. पण थांबला नाही. मी रोलरच्या मागे उभा होतो. त्याचा आवाज बसला, शब्द संपले, की मी खालून त्याचा सदरा ओढायचो, की पुन्हा त्याची गाडी सुरू. कंत्राटदार आधी हसला, मग चिडला, मग सावलीत जाऊन बसला. दिवस कलला, मजुरांची सुट्टी झाली, ते अवजारं गोळा करून निघून गेले. दुसऱ्या दिवशी ही बातमी छापून आली, माणसं जमली, आणि पालिकेला माघार घ्यावी लागली. मैदान राहिलं, पुढे त्याच्या कडेला हॉलही बांधला गेला, आणि समितीवर तरुणांची जागा निघाली.

त्या गडबडीत त्याचं कॉलेज सुटलं. पळणंही सुटलं. "नंतर बघू" म्हणाला, आणि ते नंतर काही आलं नाही. लग्न केलं नाही. मोठ्या भावाच्या घरी माडीवरच्या खोलीत राहिला. हॉलची किल्ली त्याच्या कमरेला असायची, आणि ती वाजवत चालायची त्याला सवय होती.

त्याच्या भावाची मुलगी म्हणजे शिडी. उंचीमुळे पडलेलं नाव. ती व्हॉलीबॉल खेळायची, आणि चांगली खेळायची. जाळीपलीकडच्या मुली तिने हात उचलला की डोळे मिटून घेत. तिच्या बापाला खेळाचं कौतुक बेताचंच. "एका घरात एक खेळाडू पुरे झाला," असं तो माडीकडे बघत म्हणायचा. पण शिडीचं गणित साधं होतं. बारावी पास व्हायचं, खेळाडूंच्या जागेवर मोठ्या कॉलेजात शिरायचं आणि पुढे खेळायचं. त्यासाठी दोन गोष्टी हव्या होत्या. एक परीक्षा आणि एक हॉल.

हॉलवरच गदा आली. नवं युवा धोरण आलं आणि त्याच्या पोटात एक प्रस्ताव आला, की हॉल एका खासगी अकादमीला चालवायला द्यावा. अकादमीची फी ऐकून शिडीच्या संघातल्या मुली हसल्याच, कारण रडून काही उपयोग नव्हता. मात्र त्याच धोरणात एक चांगलं कलमही होतं. तरुणांच्या सोयींचा निर्णय तरुणांच्याच सभेत व्हावा, आणि पंचविशीच्या आतली पुरेशी मुलं हात वर करायला हजर असली तर त्यांचा शब्द अखेरचा. पुरेशी नसली तर पालिका ठरवेल. पालिका काय ठरवणार, ते शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

युवाभाऊने सभेची नोटीस लावली. दर वेळी लावायचा तिथेच. आणि आठवडाभर माझ्याकडे येऊन कुरकुरत राहिला. "आजकालच्या पोरांना कशाचं काही नाही रे. आपण उन्हात उभे राहिलो. यांना नोटीस वाचायला होत नाही."

मी रंग लावत होतो, आणि तेवढ्यात पडदा बाजूला करून शिडी आत आली. युवाभाऊने डोक्यावर टॉवेल ओढला.

"असू दे काका, मला माहितीये," ती म्हणाली. "नोटीस कुठे लावलीत?"

"फळ्यावर. नेहमीच्या."

"फळा हॉलच्या आत आहे. आमच्या सरावाची वेळ सोडली तर हॉलला कुलूप आहे. किल्ली तुमच्याकडे आहे. बाकीच्या पोरांनी काय भिंतीतून वाचायची?"

मला हसू आवरेना. हॉल पूर्वी दिवसभर उघडा असायचा, तेव्हा तो फळा खरंच सगळे वाचत. मग कधीतरी आतली जाळी चोरीला गेली, तेव्हापासून कुलूप आलं. फळा तिथेच राहिला आणि नोटिसाही. इतकी वर्षं हा माणूस रिकाम्या हॉलला सभांची आमंत्रणं देत होता, आणि कुणी येत नाही म्हणून साऱ्या पिढीला नावं ठेवत होता.

युवाभाऊने टॉवेल आणखी खाली ओढला. टॉवेलखालून काळा ओघळ त्याच्या कानावर आला, तो मी पुसला.

"पोरं मी आणते," शिडी म्हणाली. "हॉल भरून आणते. पण त्याच दुपारी बारावीचा पेपर आहे, आणि केंद्र पार दुसऱ्या टोकाला. सभा सकाळी. आम्ही येणार, हात वर करणार आणि सुटणार. भाषण नको."

"अगं, प्रतिनिधी म्हणून दोन शब्द तरी..."

"दोनच."

"तुझी शप्पथ," युवाभाऊ म्हणाला.

शिडीने शब्द पाळला. सभेच्या दिवशी मी दुकान बंद करून गेलो, तर हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. शाळेच्या गणवेशातली पोरं, कॉलेजची पोरं, गुडघ्याला पट्ट्या बांधलेल्या मुली. परीक्षेला जाणारे हातात पेन आणि पाण्याच्या बाटल्या घेऊनच आले होते. रोलरच्या दिवसाचे आम्ही जुने चौघे कडेला उभे राहिलो. आमचा हात मोजला जाणार नव्हता, पण बघायचं होतं. खरं सांगतो, इतकी तरणी पोरं एका छपराखाली बघून माझा ऊर भरून आला. युवाभाऊचं तर विचारू नका. चष्मा नेहमीसारखा खिशातच होता, आणि तो रुमालाने डोळे टिपत होता.

पालिकेच्या अधिकारी बाई उशिरा आल्या. दुसरी सभा लांबली, असं म्हणाल्या. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी भराभर प्रस्ताव वाचला आणि विचारलं, "कुणाला बोलायचंय? नाहीतर हात मोजून घेऊ."

पहिल्या रांगेतून शिडीने काकाकडे बघून मान हलवली. नको. युवाभाऊ उभा राहिला.

"दोनच शब्द," तो म्हणाला.

सुरुवात बरी होती. तुम्ही आलात, मला आनंद झाला, वगैरे. तिथेच बसला असता तर मी आज ही गोष्ट सांगत नसतो. पण बोलता बोलता तो रोलरवर चढला. म्हणजे त्या दिवसाच्या गोष्टीवर आला. कंत्राटदार आला, यंत्रं आली, ऊन आलं. पोरं पहिल्यांदा मनापासून ऐकत होती. मग मागच्या रांगेतल्या एका मुलीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग शेजारच्या मुलाने. मी सरकत सरकत युवाभाऊच्या मागे गेलो आणि त्याचा सदरा ओढला. त्याचा आवाज चढला.

परीक्षेची पोरं उठायला लागली. बिचारी सभ्य पोरं. बोलणाऱ्याचा अपमान होऊ नये म्हणून कमरेत वाकून, चपला हातात घेऊन, एकेक करून मागच्या दाराने निघाली. त्यांच्या मागून त्यांचे सोबती गेले, रिक्षा वाटून घेतल्या होत्या म्हणून. बाईंनी पेनाने टेबलावर टकटक केलं. "भाऊ, आटपा."

"झालंच," युवाभाऊ म्हणाला आणि त्या दिवशीच्या संध्याकाळवर आला.

मी पुन्हा सदरा ओढला, चांगला जोरात. तो ताठ झाला. छाती पुढे काढून, मान वर करून त्या मागच्या रांगांकडे बघत असा काही बोलला, की विशीत बोलला असेल नसेल. त्याचा चेहरा फुलला होता. समोरचं त्याला धूसर दिसत होतं आणि त्या धूसरपणात हॉल अजून गच्च भरलेला होता.

"तर मित्रांनो," तो शेवटी म्हणाला, "करा हात वर!"

पुढच्या रांगेत एक हात वर झाला, उंच आणि सरळ. आणखी चार-पाच हात इकडेतिकडे. बाईंनी मोजले, पुन्हा मोजले, जरा वेळ तशाच थांबल्यासुद्धा, कुणी परत येतंय का बघायला. मग म्हणाल्या, "सॉरी. पुरेशी मुलं नाहीत. निर्णय पालिकेकडे जाईल."

"पुरेशी नाहीत म्हणजे?" युवाभाऊ हसला. "अहो, समोर बघा की!"

शिडीचा हात अजून वरच होता. ती हळूच म्हणाली, "काका, चष्मा लावा."

त्याने खिशातून चष्मा काढला, लावला आणि खुर्च्यांकडे बघितलं. मागे कुणाची तरी पाण्याची बाटली राहिली होती. शिडी उठली आणि दाराबाहेर पडून जिवाच्या आकांताने धावत सुटली. काकाचं पळणं तिच्या अंगात आहे, हे तेव्हा मला दिसलं.

पण ती उशिरा पोचली. फाटकावरच्या माणसाने नियमावर बोट ठेवलं. तिने विनवण्या केल्या, तो म्हणाला, मी काय करू. एक वर्ष गेलं. कॉलेजातली खेळाडूंची जागा गेली. महिन्याभरात हॉलला नवं कुलूप लागलं आणि वर हसऱ्या मुलांच्या चित्रांची पाटी आली. जुनी किल्ली युवाभाऊने शिडीपुढे धरली आणि तरुणांच्या जागेचा राजीनामा दिल्याचं सांगितलं. "तू बस आता तिथे," म्हणाला. ती म्हणाली, "आता कशाला?" किल्ली जेवणाच्या टेबलावर तशीच पडून राहिली.

हे मला तिच्या बापाने सांगितलं, दाढी करून घेताना. त्याने मुलीला विचारलं होतं, "सगळी उठली तेव्हा तू का नाही उठलीस? अक्कल गहाण ठेवली होतीस?" त्यावर ती म्हणाली, "मीपण उठले असते तर काका कुणाशी बोलले असते?" मी वस्तरा बाजूला ठेवला. मला त्या पोरीचं फार, फार वाईट वाटलं. आणि त्या माणसाचा रागही आला. तो राग अजून पुरता गेलेला नाही.

युवाभाऊ बरेच दिवस फिरकला नाही. परवा आला. केस मुळापासून पांढरे झाले होते, टोकं तेवढी काळी. चष्मा डोळ्यांवर होता. मी सवयीने पडदा ओढायला गेलो तर म्हणाला, "राहू दे. रंग नको. बारीक काप."

रस्त्यापलीकडून धप धप आवाज येत होता. शिडी हॉलच्या बाहेरच्या भिंतीवर चेंडू मारत होती. आतून कुणी हाकलेपर्यंत रोज मारते. तो आरशातून तिकडे बघत राहिला. पांढरे, काळे केस त्याच्या खांद्यावरच्या कापडावर पडत होते.

"एवढी पोरं उठून गेली," तो म्हणाला, "आणि मला कुणी थांबवलं नाही."

माझं डोकं सणकलं. इतके दिवस दाबून ठेवलेलं तोंडून निघालंच. "थांबवलं नाही? दोनदा तुझा सदरा ओढला मी. दुसऱ्यांदा तर शिवण उसवायची बाकी होती."

त्याने मान वळवली. मला कात्री बाजूला घ्यावी लागली. चष्म्यातून तो माझ्याकडे असा बघत होता, की मीच काहीतरी विसरलो होतो.

"हो, ओढलास की," तो म्हणाला. "रोलरवरही तूच ओढायचास. थांबू नकोस म्हणून."

बाहेर चेंडूचा आवाज चालूच होता. मी त्याची मान दोन्ही हातांनी पुन्हा आरशाकडे सरळ केली आणि उरलेले काळे केस कापायला लागलो.