पाण्याच्या टाकीपलीकडचा बाप

आमच्या घरात वडलांसमोर स्वतःचं लेकरू उचलायचं न्हाई. हा कायदा कुणी केला माहीत न्हाई, पण आज्यानं पाळला, माझ्या वडलांनी, आबांनी पाळला आन माझ्या गळ्यात पडला. भावाचं लेकरू घ्या, शेजाऱ्याचं घ्या, शेळीचं करडू खांद्यावर टाकून गावभर फिरा, कुणी काय म्हणणार न्हाई. आपलं आपण घेतलं की मात्र माणूस बेशरम. आमी धारूरजवळच्या खेड्यातले. शहरातल्या लोकांना हे सांगितलं की हसत्यात. हसा बापहो. मला बी आता हसू येतं, तवा येत न्हवतं.

मी कारखान्याला ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर डायव्हर हाय. दिवाळी झाली की निघायचं, ते उन्हाळ्यातच परत. त्या साली परत आलतो तर माझी पोरगी, नुकती कुठं बोलायला लागलेली, मला दारात बघून किंचाळतच आत पळाली. "आई, दाढीवाला आला!" त्याच दिवशी मी दाढी काढून टाकली. तरी जवळ यायला तयार न्हाई.

"अवो, दाढीचं काय घेऊन बसलाव?" बायको म्हणली. "घरात तिला हात लावत न्हाई तुमी. बाप कोणता ते लेकराला कसं कळावं?"

लई लागलं ते मला. पुढल्या खेपेला मी येईन तवा पोरीनं मला वळखलंच पाहिजे, एवढं एकच मनात धरलं.

पाऊस उघडला, दसरा जवळ आला, तशी आमची फिरती सुरू झाली. घरी निमित्त सांगायचं, आज टेलरकडं, उद्या लसीला. मोटरसायकलवर पोरगी बायकोच्या मांडीवर आन मी पुढं परक्यासारखा ताठ. गावाबाहेर पाण्याची टाकी हाय. ती वलांडली की गाडी थांबायची, पोरगी माझ्या पुढ्यात यायची आन मग हॉर्नचा जीव जाईपर्यंत हॉर्न. येताना त्याच टाकीपाशी परत आईकडं. पुढं पुढं ती एवढी तरबेज झाली की लांबून टाकी दिसली की आपणच पाय सोडून बसायची, एस्टीतून उतरायच्या तयारीतल्या म्हातारीसारखी.

एका दुपारी डोंगरात शिताफळाला गेलतो. झाडावरच पिकलेली दोन-चार घावली. पोरगी माझ्या खांद्यावर बसून खायली, बिया माझ्या कॉलरीत टाकायली आन हात माझ्या केसाला पुसायली. मला त्याचं काहीच वाटंना. असं सुख दुसरं न्हाई बघा. बायको पदरानं तिचं तोंड पुसत म्हणली, "टेलरनं माप लई चांगलं घेतलं म्हणायचं आज!"

घरी आलो तर आबा बाजेवर. माझ्या डोक्याभवती माशा.

"टेलरकडं शिताफळं बी मिळायली का आता?"

"न्हाई, ते वाटंत एक..."

"आन ती डोक्यानं खाल्लास?"

बायको तोंडात पदर कोंबून आत पळाली. पुढच्या आठवड्यात लसीचं नाव काढलं तर आबा म्हणले, "किती लसी असत्यात एका लेकराला? बैलाला बी एवढ्या न्हाईत." पण जाऊ नका असं कवा म्हणले न्हाईत.

मग धारूरच्या बाजारात घात झाला. पोरगी खांद्यावर, तिच्या हातात जिलबी, माझ्या कपाळावरून पाक गळायला. भाजीच्या वळीतून वळलो आन समोर आबा, हातात पिशवी, संगं दोन पाव्हणे! माझं डोस्कंच बंद पडलं. झटक्यात पोरगी खाली ठिवली आन मोठ्यानं म्हणालो, "कुणाचं लेकरू हाय बे हे?"

जिलबीवाला म्हणाला, "तुमचंच की! आताच पप्पा पप्पा करून माझ्याकडनं जिलबी घेतली की."

सगळा बाजार हसला. आबांनी मिरचीचा भाव इचारायला घेतला. पोरगी तेवढी हसली न्हाई. तिनं माझ्याकडं बघितलं, जिलबी खाली टाकली आन जाऊन आबांचं धोतर धरलं.

त्या दिवसापासून ती माझ्याकडं येईनाच. टाकीपाशी गाडी थांबवली तर आईला घट्ट धरून बसायची. मी घोडा झालो, फुगे आणले, दिवाळीत फुलबाज्या आणल्या. फुलबाजी घ्यायची आन पाठ फिरवायची.

"आता बसा बोंबलत," बायको म्हणली. "कुणाचं लेकरू म्हणून तुमीच इचारलं न्हवं?" निघायचा दिवस जवळ येत गेला.

निघायच्या सकाळी ट्रॅक्टर पारापाशी उभा केलता. मागं ऊसतोडीच्या टोळीची भांडी, गोधड्या, कोंबड्या. पारावर गावातले सगळे म्हातारे. आबांनी चाकाजवळ नारळ फोडला. मी वर चढून गाडी चालू केली, तशी पोरगी आईचा हात सोडून पळत आली आन दोन्ही हात वर करून रडायला लागली. "पप्पा, घे! मला घे!"

उडी टाकून खाली आलो. पण समोर आबा. हात काही उठंनात माझे.

आबा म्हणले, "तू आपल्या पायानं पहिल्यांदा माझ्याजवळ आलास तवा चौथीत होतास. तवर मी वाट बघितली. तू कशाला वाट बघतूस? घे तिला."

आन ते वळले, आमच्याकडं पाठ करून शाळेच्या भिंतीकडं तोंड करून उभं राहिले. ते वळले तसे पारावरचे सगळे म्हातारे एकेक करून वळले.

मी पोरीला उचललं. तिनं शेंबडं तोंड माझ्या गळ्यात खुपसलं. सगळ्या गावात मी रडलो, लपवायचं काय त्यात.

"झालं का बे?" आबांनी पाठमोऱ्यानंच इचारलं.

माझ्याआधी पोरगीच वरडली, "न्हाई!"

"बरं," आबा म्हणले आन तसंच उभं राहिले.