पातळ पुस्तकाच्या भावात

काल रद्दी काढताना ते जाडजूड पुस्तक हाती आलं आणि त्याच्या कुबट वासासरशी मी पुन्हा मीरा रोड स्टेशनबाहेर, जुन्या पुस्तकांच्या ढिगासमोर उभा राहिलो. तिथल्याच हाटकेश भागातल्या एका कारखान्याच्या गाळ्यातलं माझं काम सुटलं होतं. पंधरा दिवसांत प्रोग्रामिंगची परीक्षा पास झालो तरच एका ऑफिसात नोकरी मिळणार होती, आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

"नये हो ना? ये पतलावाला लो, भाईसाब," मी प्रोग्रामिंगचं पुस्तक मागताच विक्रेता म्हणाला.

मला वाटलं, हा न खपणारा माल माझ्या गळ्यात मारतोय. "अनाडी समझा क्या? मोटावाला दे, पतले के भाव में!" गर्दी जमेपर्यंत मी भांडलो. शेवटी त्याने हात जोडले. "ले जाओ, बाबा."

घरी येऊन पाहतो तर पहिल्याच पानावर लिहिलेलं, हे पुस्तक प्रोग्रामिंगची भाषा आधीच येणाऱ्यांसाठी आहे. परत कुठल्या तोंडाने जाणार? रोज तीच चार पानं वाचायचो. घामट बोटांचे डाग त्यांवर अजून आहेत. डोक्यात काहीच शिरलं नाही, नोकरी हातची गेली.

पुढे मी स्वतःचा धंदा उभा केला. पण त्या माणसावरचा राग जात नाही. त्याला खरं माहीत होतं, मग त्याने भाव सोडलाच का? आणखी थोडा अडून बसला असता, तर मी पातळ पुस्तकच घेतलं असतं.