कोवळ्या छताखाली

बुऱ्हाणपूर स्टेशनवर नात मला घ्यायला आली, तिथेच घोळ झाला. मला एकटीला रिक्षा सापडत नाही, असं मी फोनवर तिला सांगितलं होतं. या वयात खोटं बोललं की कुणी उलट विचारत नाही.

स्टेशनजवळच्या लालबागेत मावा जिलेबी (खव्याची, जाड, काळपट) खाल्ली आणि केळीच्या बागांमधून शाहपूरला निघालो. तिथे केळ्यांच्या एका भल्यामोठ्या गोदामाचं छत तिच्या देखरेखीखाली आठ दिवसांपूर्वी ओतलं होतं. इंजिनिअर म्हणून तिची ही पहिलीच नोकरी.

पोचलो तर छताखालच्या बल्ल्या (लाकडी टेकू) काढलेल्या आणि वर फरशीच्या थप्प्या रचलेल्या. पोरीचा चेहरा पांढरा पडला. गोदामाचे मालक मात्र निवांत. ट्रक सकाळीच आला, माल ठेवायचा कुठे, आणि काँक्रीटच्या नमुन्याचे ठोकळे तर तपासणीत पास झालेत, असं त्यांचं म्हणणं.

"टूटा तो नहीं ना, बेटा?"

"तुटणार नाही, काका. वाकत राहील. काँक्रीट कोवळं आहे. आत्ता भार बसला तर वर्षानुवर्षं थोडं थोडं खाली येत राहणार."

मग मी माझं सांगितलं. पंचविशीत मीही अशीच अक्कल पाजळली होती. वास्तुशांतीच्या घाईत गवंड्याला दटावून टेकू काढायला लावले, वर पाण्याची टाकी चढवली. पुढे खालचा दरवाजा दरवर्षी अडायचा आणि मी सुताराला बोल लावायची. बिचारा अकरा वर्षं दरवाजा तासत राहिला. हे ऐकून मालक हसले, मग त्यांनी वर बघितलं. फरशी उतरवायला माणसं बोलावली.

नातीनं छताच्या तुळईच्या दोन्ही टोकांना सारख्या जाडीचे लाकडी ठोकळे लावून खालून दोरी ताणली. मधोमध तुळई दोरीला टेकत होती. संध्याकाळी फरशी उतरली तेव्हा फट दिसली, पण ठोकळ्याइतकी नाही.

"थोडं परत येतं, आजी. सगळं नाही," ती म्हणाली आणि पुन्हा टेकू लावून घ्यायला गेली.

साइटच्या वहीत तिनं लिहिलं, 'मी जागेवर नव्हते.' कारण लिहिलंच नाही. मी चष्मा लावून पुढे लिहिलं, 'आजीमुळे', आणि खाली सही ठोकली.

नोकरी टिकली. घरी आल्यापासून मी रोज फोन करून छताची चौकशी करते. ती म्हणते, रोज काही दिसत नाही, वर्षं लागतील. तेवढी वर्षं माझ्याकडे कुठली? म्हणून सगळी काळजी आत्ताच उरकून घेतेय.