वास येण्याचा त्रास

घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या माणसांचं पुढे कसं चाललंय, हे विचारायचं माझं काम. हातात फॉर्म. गेल्या आठवड्यात अमुक त्रास झाला का? उत्तरं चारच: अजिबात नाही, थोडा, बराच, खूप. पेशंटने सांगायचं, मी खूण करायची.

भट्टीवाले काका दर तीन महिन्यांनी यायचे. चाळीस वर्षं पाव भाजलेला माणूस. स्वरयंत्र काढलेलं, श्वास गळ्यावरच्या छिद्रातून, बोलणं पाटीवर. सोबत काकू, दोघांच्या वाटचं बोलायला.

गिळायला? थोडा. झोपेचा? अजिबात नाही. वास येण्याचा त्रास? अजिबात नाही. तीन खेपा मी तीच खूण केली आणि मनातल्या मनात देवाला हातही जोडले.

चौथ्या खेपेला काकू म्हणाल्या, "तुमच्या कागदावर सगळं छानच आहे. मग हे उद्या भट्टीची किल्ली धाकट्या भाऊजींना का देतायत, तेही विचारा की."

काकांनी पाटीवर लिहिलं, "दोनदा पाव करपला. कळलंच नाही. वासच येत नाही."

"अहो काका, मग त्रास नाही असं का सांगत होता?"

पाटीवर उत्तर आलं, "येतच नाही, तर येण्याचा त्रास कसला?"

"बघा!" काकू म्हणाल्या. "विचारलं तेवढंच उत्तर. जन्मभर हेच सोसलंय मी."

चूक काकांची नव्हती. प्रश्नच तसा लिहिलेला, आणि मी नऊ महिने तो पोपटासारखा वाचत होते.

बोलणं शिकवणाऱ्या ताईंना मी धावत जाऊन घेऊन आले. त्या म्हणाल्या, "नाक शाबूत आहे काका, फक्त हवा तिकडून जात नाही. सासूसमोर जांभई दाबतात ना, तसं करा. ओठ मिटलेले, जबडा आणि जीभ खाली. तेवढ्याने हवा नाकातून आत ओढली जाते."

दुपारचे तीन वाजले होते. काकांनी मिटल्या तोंडाने जांभई दिली. मग काकूंना आली, ताईंना आली, मलाही. दाराबाहेर बाकावर बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. खिडकीचा पडदा हळूच फुगायचा, हळूच बसायचा. भिजवलेलं पीठ फुगावं तशी ती दुपार फुगत गेली, आणि मला वाटलं, आपण सगळे एकाच माणसाच्या झोपेत बसलो आहोत. किती वेळ गेला कोण जाणे.

एकदम काकांनी नाक मुरडलं. पाटीवर लिहिलं, "फिनेल."

"अगं बाई! एवढ्या दिवसांनी आला, तो फरशीचा वास!"

काका हसले. आवाज नाही, गळ्यावरचा रुमाल तेवढा फडफडला.

"रोज सराव करावा लागेल हं," ताई म्हणाल्या.

काकूंनी पर्समधून किल्ली काढली आणि काकांच्या खिशात टाकली. "भाऊजींना काय सांगायचं ते मी सांगते."

मी नव्या फॉर्मवर वासाच्या प्रश्नापुढे 'खूप'वर खूण केली आणि खिडकीशी गेले. खाली रस्त्यावर काका चार पावलं चालायचे, थांबायचे. रंगाच्या दुकानापाशी एक जांभई, ओल्या भिंतीपाशी एक. काकू बाही ओढत होत्या आणि स्वतःही जांभया देत होत्या.